मिस्त्रीकाका, तो पाठ तुमचा होता

ति. मिस्त्रीकाकांस,
सा. न. वि. वि.

खरं तर पत्रात तुमचं नाव घालणार होते. परवा फोनवर विचारलं तर म्हणालात, "नको बाई, वाळू अजून त्याच वाळूवाल्याकडनं येती." म्हणून नुसतं मिस्त्रीकाका. गावात ज्याला कळायचं त्याला कळेलच.

पत्र तुमच्या घरी न पाठवता चारचौघांत लिहितेय, कारण चूकही मी चारचौघांतच केली होती. तालुक्याच्या शिक्षण परिषदेत मी 'वाळूच्या ट्रॉलीवरून घनफळ' हा पाठ सादर केला. टाळ्या पडल्या, पुष्पगुच्छ मिळाला. एका सरांनी विचारलं, "मॅडम, कल्पना सुचली कशी?" मी म्हणाले, "परिसरातून." त्या परिसराच्या हातात थापी होती आणि कानावर पेन्सिल खोचलेली होती, हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, सांगितलं नाही.

तर आता सगळं पहिल्यापासून सांगते.

२०१४ ची दिवाळी होऊन शाळा भरली होती. मागच्या अंगाला दोन नव्या खोल्यांचं काम निघालं होतं. माझ्याकडे दहावीचे 'जनरल'वाले होते, बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणित घेतलेली सतरा मुलं. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, तेव्हा बोर्डात असा पर्याय होता. तो घेतला की अकरावी सायन्सचं दार लागलं, असं सगळे धरून चालायचे, त्यामुळे तिथे यायची ती आधीच्या परीक्षांत गणिताने पाडलेली मुलं. बाकीचा वर्ग बीजगणिताला आत बसायचा आणि आम्ही व्हरांड्यात. विषयाच्या नावातच 'सामान्य' असल्यावर पोरांनी वेगळं काय समजायचं? मीसुद्धा मनातून फार काही धरलं नव्हतं. पस्तीस पडले की सुटलो, एवढाच माझा तेव्हाचा बेत होता.

त्या दिवशी दोघं गायब होते. शोधत मागे आले तर एकाच्या हातात तुमच्या टेपचं टोक होतं आणि दुसरा खुंटी धरून उकिडवा बसलेला. तोंड उघडणार तोच तुम्ही म्हणालात, "बाई, जरा थांबा, गुण्यात येऊ द्या." गुण्यात म्हणजे काटकोनात.

तुमची आखणी चालली होती. एका दोरीवर नऊ फुटांवर खूण, दुसऱ्या दोरीवर बारा फुटांवर, आणि त्या दोन खुणांमधलं तिरकं माप पंधरा येईपर्यंत दुसरी दोरी इकडे-तिकडे सरकवायची. पंधरा आलं की कोपरा गुण्यात. मग चुन्याची फक्की. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले होते, आणि परीक्षेला नाही म्हटलं की पोरं तो वगळायची. इथे तोच व्यत्यास चुन्याने जमिनीवर उतरत होता. मूळ प्रमेय नव्हे हं, व्यत्यासच. काटकोन आहे म्हणून पंधरा नाही, पंधरा आलं म्हणून काटकोन.

खुंटीवाल्या पोराने विचारलं, "काका, तीन-चार-पाचनं पण येतंय की. एवढं लांब कशाला?" तुम्ही म्हणालात, "लहान गुण्या लबाड असतो." तेव्हा मी हसले. रात्री घरी वही घेऊन बसले आणि हसू गेलं. तीन-चार-पाच फुटांच्या मापात तिरक्या अंगाला दोन सूत, म्हणजे पाव इंच चूक झाली, तर वीस फूट भिंत टोकाला जवळजवळ दोन इंच फाकते. नऊ-बारा-पंधरा घेतलं तर तीच दोन सुतांची चूक पाऊण इंचाच्या आत राहते. माप तिप्पट, चूक एक तृतीयांश. दुसऱ्या दिवशी हे मी व्हरांड्यात मांडलं. पहिल्यांदाच सतराच्या सतरा जणांनी वहीत काहीतरी लिहिलं. 'कशाला शिकायचं' हा नेहमीचा प्रश्न त्या दिवशी आला नाही. भिंत समोरच होती.

त्यानंतर मी मुख्याध्यापकांना विचारून आठवड्यातले दोन तास तुमच्याकडे आणायला लागले. तुम्ही एकदाच कुरकुरलात, "पोरं पायाखाली येत्यात." मग तुम्हीच त्यांना कामं वाटून दिलीत.

आता ट्रॉलीची गोष्ट. ती नीट सांगते, कारण परिषदेत मी ती अर्धीच सांगितली.

वाळूची ट्रॉली आली. पावतीवर एक ब्रास. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे पोरांना माझ्या आधीपासून माहीत होतं. आई-बाप बांधकामावर जाणारे होते त्यांतले कितीतरी. तुम्ही आधी वर चढून फावड्याने मधला ढीग कोपऱ्यांकडे ओढलात. मग एक लांबशी सळई घेतलीत, चार कोपऱ्यांत आणि एकदा मधोमध खुपसलीत, आणि दर वेळी बोटाने पकडून टेपवर इंच वाचलेत. पोरांनी लिहून घेतलं: १८, १६, १७, १६, १७. तुम्ही कपाळावर आठी घालून म्हणालात, "चौऱ्याऐंशी फूट हाय. सोळा फूट कमी."

मी म्हटलं, थांबा, आम्ही काढतो. फळा नव्हता, सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर कोळशाने मांडलं. सरासरी: बेरीज ८४, भागिले पाच, १६.८ इंच. बाराने भागून फूट, १.४. ट्रॉली आतून दहा बाय सहा. दहा गुणिले सहा गुणिले १.४, चौऱ्याऐंशी घनफूट. उत्तर तुमच्याशी जुळलं. मला आनंद याचा की गणित खरं ठरलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा (व्हरांड्यात बाक नव्हते, पण तो जिथे बसेल तो मागचा बाक) माझ्या आनंदाकडे दुर्लक्ष करून म्हणाला, "बाई, पण काकांनी भागलंच नाही. नुसती बेरीज केली."

मी गोणीकडे बघितलं. बेरीज चौऱ्याऐंशी, उत्तरही चौऱ्याऐंशी. "योगायोग," मी म्हटलं.

काका, त्या 'योगायोग' शब्दाची मला अजून लाज वाटते. पोरगं गप्प बसलं नाही. दुसऱ्या ट्रॉलीला त्याने स्वतः सळई घातली. बेरीज ब्याण्णव, माझ्या रीतीनेही ब्याण्णव. मी तुम्हाला विचारलं, हे असं का होतं? तुम्ही म्हणालात, "ते काय म्हाईत न्हाई. माझ्या वस्तादानं शिकीवलं. दहा-सहाची ट्रॉली असली की पाच जागी सळई आन् बेरीज." वीस-बावीस वर्षं तुम्ही हे करत होतात. तुम्हाला 'का' माहीत नव्हतं आणि मला 'काय' तेच माहीत नव्हतं.

'का' त्या पोरानेच काढलं, दोन दिवसांनी, मधल्या सुट्टीत. दहा सक साठ. इंचांचे फूट करायला साठाला बाराने भागायचं, पाच. आणि सरासरीसाठी आपण पाचानेच भागलेलं असतं. पाचाने भागायचं, पाचानेच गुणायचं, मग दोन्ही कशाला? बेरीज तशीच उरते. मी विचारलं, ट्रॉली अकरा फुटी असली तर? त्याने जमिनीवर बोटाने केलं: सहासष्ट भागिले बारा, साडेपाच. म्हणून बेरीज घ्यायची आणि तिचा दहावा भाग वर मिळवायचा. तुम्ही तिथेच बिडी विझवून म्हणालात, "हे ब्येस झालं. अकराच्या ट्रॉलीला माझा घोळच व्हायचा." वर्षानुवर्षं गणितात नापास होत आलेल्या मुलाने मिस्त्रीला रीत दिली आणि मिस्त्रीने ती खिशात घातली. त्याचा तेव्हाचा चेहरा मी वर्णन करणार नाही. तुम्ही बघितलात ना, बास.

त्या पुरवठादाराशी तुम्ही भांडलात. पुढची ट्रॉली सळई न घालताही भरून आली, पोरं बांधावर बसलेली दिसली तेवढ्यावर.

सळयांच्या वजनाचं तर तुम्ही आम्हाला जाता-जाता दिलंत. सळईच्या व्यासाचा, मिलिमीटरमधला, वर्ग करा आणि १६२ ने भागा, मीटरला किलो मिळतात. आठ मिलीची सळई, चौसष्ट भागिले एकशे बासष्ट, मीटरला चारशे ग्रॅमला थोडी कमी. हा १६२ कुठून आला ते शोधायला आम्हाला एक अख्खा तास लागला: वर्तुळाचं क्षेत्रफळ, पोलादाचा घनमीटरला ७८५० किलो भार, आणि मिलिमीटरचे मीटर करताना दशांशचिन्हाची पळापळ. उत्तर १६२.२ आलं. पोरं म्हणाली, "काकांनी पॉइंट दोन खाल्ला."

नववीचं सामान्य गणित २०१७-१८ ला बंद झालं, पुढच्या वर्षी दहावीचंही. आता सगळ्यांना एकच गणित आहे. ते बंद झालं याचं मला वाईट वाटलं नाही. त्या नावाने पोरांच्या पाठीवर शिक्का बसत होता. पण त्या तासांना घाई नसायची, ती सवड गेली याचं वाईट वाटतं. मी अजूनही महत्त्वमापनाच्या धड्यात ट्रॉली घुसवते. ज्याला सायन्सला जायचंय त्यालाही, ज्याला आयटीआयला जायचंय त्यालाही. पहिला वाळूला नाक मुरडतो आणि बहुधा तोच इंचांचे फूट करायला विसरतो.

ह्या वर्षी एका मुलीने मला अडवलं. म्हणाली, "बाई, ढीग सपाट केलाच नाही तर?" मी म्हटलं, थोडा फरक पडेल. तिला तेवढं पुरेना. मग आम्ही धरून चाललो की कोपऱ्यांत १२ इंच आणि मधलं टोक २४. पाच जागांची बेरीज ७२. पण मधला उंचवटा सूचीसारखा आहे, आणि सूचीचं घनफळ एक तृतीयांश. म्हणजे खरी सरासरी उंची १२ अधिक ४, सोळा इंच, आणि वाळू ८० घनफूट. सपाट केली असती तर सळईनेही ऐंशीच दाखवले असते. न करता मोजली तर वाळूवाल्याचे आठ घनफूट गेले.

काका, मी इतकी वर्षं समजत होते की तुम्ही आधी फावडं फिरवता ते सळई नीट घुसावी म्हणून. परिषदेत फावड्याचा उल्लेखही केला नव्हता. तुमच्या वस्तादांना हे माहीत होतं का हो? की त्यांच्याही वस्तादांनी नुसतं 'आधी फावडं' एवढंच सांगितलं होतं?

त्या मुलीला उत्तर हवंय, आणि मलाही. शनिवारी शाळा सकाळची असते. जमलं तर या. ती सळई मी जपून ठेवलीय, तिच्यावर मागाहून केलेल्या इंचांच्या खुणा मात्र पुसट झाल्यात, तेवढा रंग घेऊन या.

आपली,
व्हरांड्यातल्या वर्गाच्या बाई

ता. क. परिषदेच्या संयोजकांनाही हे कळवलंय. प्रमाणपत्रावर नाव बदलता येत नाही म्हणाले. पाठाच्या टिपणात मात्र आता पहिली ओळ अशी आहे: 'आधी फावडं. ही रीत एका मिस्त्रींची.'