जीव वाचवा, पण पडदाही ओढा

गेल्या महिन्यात आईला बेशुद्धावस्थेत अपघात विभागात नेलं. सहीसाठी कुणी अडून बसलं नाही, ते योग्यच झालं. जीव धोक्यात असताना संमतीविना उपचार करता येतात, मात्र तातडी नसलेली जादा शस्त्रक्रिया करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केलं आहे. पण आईचं पोलकं कात्रीने कापताना खाटेभोवतीचा पडदा अर्धा उघडाच होता आणि शेजारच्या रुग्णाचा नातेवाईक मोबाइलवर चित्रण करत होता! परिचारिकेने खडसावलं, तेव्हा कुठे थांबला. तिथे मोबाइल चित्रणाला सक्त बंदी हवी. शुद्धीवर आलेल्या रुग्णाला कोणते उपचार केले, हेही सांगायला हवं. आईला अजून कुणी सांगितलेलं नाही.

– एक वाचक, सातारा