तिला हर्पीस आहे, हे मला ठाऊक आहे

विश्रामबाग, सांगली

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "अजून काही बिघडलेलं नाही, या लग्नातून मागं फिर." माझ्या काळजीपोटीच बोललास, ते कळतं मला. पण शेजारच्या खोलीत आई होती, मोकळेपणानं बोलता येईना, म्हणून लिहितोय. सावकाश वाच आणि वाचून झाल्यावर फाडून टाक. दुसऱ्या कुणाच्या हाती हे पडायला नको.

जिच्याशी लग्न करायचं ठरवलंय, तिनं आपल्या हर्पीसचं मला केव्हा सांगितलं, ते तू विचारलंच नाहीस. आमच्यात हात धरण्यापलीकडं काही नसताना. हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना रस्त्यावरच्या चिंचांखाली तिनं गाडी थांबवायला लावली आणि सगळं सरळ सांगून टाकलं. पहिल्या लग्नात लागण झाली, जननेंद्रियाचा हर्पीस, दुसऱ्या प्रकारचा विषाणू. कायमचा बरा होत नाही, अधूनमधून उठतो. "नको असेल तर आत्ताच सांग, मी राग धरणार नाही," म्हणाली. घटस्फोट झालेल्या बाईला आपल्या भागात दुसरं स्थळ येणं किती अवघड असतं, ते तुला माहीत आहे. ती गप्प बसली असती तर मला पत्ताही लागला नसता. नवऱ्यानं तिला काही सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःला तरी ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. हा विषाणू अंगात असलेल्या बहुतेकांना त्याची कल्पनाच नसते.

मी घाबरलो. रात्री मोबाईलवर फोटो बघत बसलो आणि पोटात गोळा आला. पुढं आम्ही दोघं मिळून मिरजेला एका त्वचारोग आणि गुप्तरोगतज्ज्ञांकडं गेलो. त्यांनी पुष्कळ वेळ दिला. विषाणू कमरेखालच्या मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन बसतो आणि तिथं आयुष्यभर राहतो. जागा झाला की त्वचेवर येतो, फोड येतात, जखमा होतात, मग पुन्हा आत जाऊन बसतो. पहिला उद्रेक बहुधा सर्वांत वाईट असतो, पुढचे सौम्य होत जातात आणि वर्षागणिक कमी होतात. तिला आता क्वचितच होतो. टॉवेल, संडास, एका ताटात जेवणं यांतून लागण होत नाही. तुझ्या मनात तेही आलं असणार, म्हणून लिहिलं.

भीती वाटावी अशी खरी गोष्ट एकच. फोड दिसत नसतानाही विषाणू कधीकधी त्वचेवर असतो, आणि लागण बऱ्याचदा अशाच वेळी होते. त्यामुळं नुसतं "फोड नसले की झालं" एवढ्यावर भागत नाही. आम्ही असं ठरवलंय : ती रोज वॅलासायक्लोव्हिरची, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या औषधाची, ५०० मिलिग्रॅमची गोळी घेणार. आम्ही निरोध वापरणार, मात्र त्यानं सगळी त्वचा झाकली जात नाही हे लक्षात ठेवून. आणि खाज, झिणझिण्या, मांडीत ठणका असं काही सुरू झालं की खपल्या पडून कातडी पूर्ण भरेपर्यंत लांब राहणार. त्या गोळीवर २००४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. १,४८४ जोडपी, एकाला लागण, दुसऱ्याला नाही. आठ महिन्यांत गोळी न घेणाऱ्यांच्या ३.६ टक्के जोडीदारांना लागण झाली, घेणाऱ्यांच्या १.९ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मी. बाईकडून पुरुषाला लागण होण्याचा धोका उलट दिशेपेक्षा कमी असतो, असंही डॉक्टर म्हणाले. पण शून्य कधीच नाही. तो आकडा मला कुणीच देऊ शकत नाही, आणि मीही आता मागत नाही.

आणखी एक ऐक. डॉक्टरांनी माझंही रक्त तपासायला सांगितलं. दुसरा प्रकार नाही, पण पहिल्या प्रकाराची प्रतिपिंडं, म्हणजे त्या विषाणूशी लढायला शरीरानं बनवलेली द्रव्यं, निघाली! शाळेत परीक्षा जवळ आली की माझ्या ओठाच्या कडेला फोड यायचे आणि तू चिडवायचास, आठवतं? तोच हा. जगात पन्नाशीच्या आतल्या दर तिघांपैकी जवळपास दोघांना तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तोंडाच्या संबंधातून तो जोडीदाराच्या जननेंद्रियालाही होऊ शकतो, म्हणून ओठावर फोड असेल तेव्हा तिच्यापासून मीही लांब राहायचं. माझ्या ओठावरच्या फोडाला कुणी कधी चारित्र्य चिकटवलं नाही. तिच्या आजाराला मात्र चिकटवतात, आणि ते मला सहन होत नाही.

तिला पहिला उद्रेक आला तेव्हा लघवीला जाताना आग व्हायची, ताप होता, तरी घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. शेवटी एका सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांसाठीच्या विभागात, गेली. तिथल्या समुपदेशक ताईंनी दार लावून घेतलं, नीट ऐकलं, औषध दिलं. त्या बाईंचं नाव ती अजून आदरानं घेते.

मुलांचं विचारशील. लागण जुनी असली की आईची प्रतिपिंडं बाळाला मिळतात; बाळाला धोका एक टक्क्याहूनही कमी असतो. छत्तिसाव्या आठवड्यापासून गोळ्या देतात, आणि बाळंतपणाच्या वेळी फोड असतील तर सिझेरियन करतात. खरा धोका गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत नव्यानं लागण झाली तर असतो.

आता जे तुला मुख्यतः सांगायचंय ते. उद्या मला लागण झालीच, तर ती मी जाणूनबुजून पत्करलेली असेल. तिनं मला फसवलेलं नाही, मी अंधारात नाही. कितीही मोठं भांडण झालं तरी "तुझ्यामुळं" हा शब्द तोंडातून काढायचा नाही, हे आधी स्वतःशी पक्कं केलं आणि मगच तिला होकार दिला. कारण मला माझ्या अंगाची जेवढी काळजी वाटते, त्याहून जास्त तिच्या मनाची वाटते. मी जवळ बसलो तरी ती अंग चोरते. जरा कुठं खाजलं की तोंड उतरतं, माफी मागायला लागते. माफी कशाची गड्या? ताप आलेल्या माणसाला आपण माफी मागायला लावतो का? हे तिच्या मनातून जायला वेळ लागेल, आणि तो वेळ द्यायची माझी तयारी आहे.

आईला मी काही सांगणार नाही. आजार तिचा आहे. कुणाला सांगायचं हे तीच ठरवेल. तुला सांगायची परवानगी तिनंच दिली, तुझ्यावर माझा किती भरवसा आहे ते तिला माहीत आहे म्हणून.

पुढच्या महिन्यात कऱ्हाडला तिच्या भावाकडं बोलणी करायला जायचंय. आमच्या बाजूनं काका येतील, पण तू असलास तर मला धीर येईल. शनिवारी रजा मिळते का बघ आणि कळव. स्टेशनवर घ्यायला मी येईन.

तुझाच