टस्कीगीच्या विटा आणि गहाण पडलेले घड्याळ

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांवर आलेला लेख आवडला. मात्र टस्कीगी येथील शाळेची हकिगत त्यात, तिचे पहिले प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी घड्याळ गहाण ठेवले, एवढ्या एका वाक्यात उरकली आहे. खानापूर तालुक्यात आमच्या घरची दोन पिढ्या वीटभट्टी होती, म्हणून त्या वाक्यामागचे थोडे लिहितो.

१८८१ साली अलाबामात ही शाळा सुरू झाली तेव्हा छप्पर इतके गळके होते की, पाऊस आला म्हणजे एखादा विद्यार्थी धडा थांबवून मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरून उभा राही. नव्या इमारतींसाठी विटा हव्या होत्या आणि गावात भट्टी नव्हती. त्या विद्यार्थ्यांनीच पाडायच्या होत्या; गुडघाभर चिखलात उतरण्याचे काम न सोसून काहींनी शाळाच सोडली. सुमारे पंचवीस हजार विटांची पहिली भट्टी नीट रचली नव्हती म्हणून फसली, दुसरीही फसली, आणि तिसरी आठवडाभर पेटती ठेवल्यावर, विटा हाती यायला काही तासच उरले असताना, मध्यरात्री कोसळली. आमच्याकडे ओलसर विटा घाईने रचल्या आणि आच लागताच खालचा थर दबला, तर आजोबा कोणाला काही न बोलता विडी पेटवून बाजूला बसत. तिकडे घड्याळ गहाण गेले ते या तिसऱ्या भट्टीनंतर, पुढच्या भट्टीच्या पैशासाठी, पंधरा डॉलरना. चौथी भट्टी साधली; घड्याळ मात्र कधीच सुटले नाही.

लेखकाने या कामाला श्रमदान म्हटले आहे, ते पटत नाही. तो शिक्षणक्रमाचाच भाग होता, आणि राहण्या-जेवणाचा खर्च भागवण्याची सोयही. वाद झाला तो त्यावरच. कृष्णवर्णीयांच्याच फिस्क विद्यापीठातून १८८८ साली पदवी घेतलेले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९०३ मध्ये आक्षेप घेतला की, हातकामावरच सारा भर दिल्याने उच्च शिक्षण आणि मताधिकार मागे पडतात. मला दु बॉइस यांचे म्हणणे पटते, कदाचित आईने भट्टीवरून उठवून बेळगावच्या कॉलेजात धाडले म्हणून.

पुढच्या लेखात फिस्कलाही जागा द्यावी, ही विनंती. तेथे पैसा विटांनी आला नाही. १८७१ पासून विद्यार्थी गावोगाव गात हिंडले आणि त्या मिळकतीतून विद्यापीठाची ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली.

आपला,
एक वाचक, खानापूर