गॉगलखालची फट दाखवणाऱ्या मॅडमना

मॅडम,

तुम्ही किरणोत्सार सुरक्षेच्या तपासणीला आलात तेव्हा आमच्या कॅथलॅबमध्ये (एक्स-रेखाली बघत हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करतात त्या खोलीत) कोणालाच आनंद झाला नव्हता, हे आता सांगून टाकते. केसेस रांगेत, डॉक्टर घाईत, आणि तपासणी म्हटलं की पुन्हा रजिस्टर, पुन्हा किरणांची मात्रा मोजणाऱ्या बॅजचा हिशेब. तुम्ही मात्र आल्या आल्या एवढंच विचारलंत, की छताला टांगलेली, किरण अडवणारी लेडची काच भिंतीकडे का ढकलून ठेवलीय? "मध्ये मध्ये येते," हे उत्तर माझंच होतं.

तुम्ही वाद घातला नाहीत. शेवटची केस संपल्यावर दिवे मालवलेत. टेबलावर रुग्णाची छाती असते तिथे टॉर्च ठेवलात. माझ्या लेड गॉगलच्या काचांवर कागदी टेप चिकटवलीत आणि नेहमीच्या जागी उभं राहून मॉनिटरकडे मान करायला सांगितलंत. काचा पूर्ण झाकलेल्या, तरी डाव्या डोळ्यात लख्ख उजेड! गाल आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीतून.

11 वर्षं मी एक्स-रे सोडणाऱ्या ट्यूबला घाबरत आले होते. ट्यूब टेबलाखाली असते, आणि आमच्यापर्यंत येणारे बहुतेक किरण रुग्णाच्या अंगावर आदळून विखुरलेले असतात, म्हणजे खालून आणि बाजूने येतात, हे पुस्तकात वाचलं होतं. पण वाचणं वेगळं. त्या उजेडाने डोळा मिटला तेव्हा ते कळलं.

मग चहा पिताना तुम्ही डोळ्याच्या भिंगाबद्दल सांगितलंत, ते आमच्यातल्या कोणालाच नीट माहीत नव्हतं. किरणांनी बिघडलेल्या पेशी भिंगाच्या मागच्या बाजूला सरकत जाऊन साचतात, आणि मोतीबिंदू तिथेच धरतो. दुखत नाही, खुपत नाही, दिसायला लागेपर्यंत वर्षं जातात. आयसीआरपीने, म्हणजे किरणांपासून संरक्षणाच्या शिफारशी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, 2011 मध्येच भिंगासाठीची वार्षिक मर्यादा 150 मिलिसिव्हर्टवरून (हे किरणांच्या मात्रेचं माप) 20 वर आणायला सांगितलं (5 वर्षांची सरासरी, आणि कुठल्याही एका वर्षात 50 च्या वर नाही). माझ्या डोक्यात जुनाच आकडा बसलेला होता. खरं तर दोन्ही आकड्यांना माझ्या बाबतीत अर्थच नव्हता, कारण माझा बॅज लेडच्या ॲप्रनच्या आत असायचा आणि डोळ्यापाशी काय पोहोचतंय ते कोणी मोजतच नव्हतं.

पण आभार मानायचेत ते मुख्यतः दुसऱ्या गोष्टीसाठी. लेडच्या काचेतून टॉर्चचा उजेड आरपार जातो, म्हणून तुम्ही तिच्यावर ऑपरेशनचं हिरवं कापड टाकलंत आणि सावली कुठे पडते ते दाखवलंत. डॉक्टर सावलीत होते. मी, त्यांच्या उजव्या हाताला उभी असलेली सिस्टर, अर्धी उजेडात. "काच कोणासाठी आहे?" तुम्ही विचारलंत. काच डॉक्टरांची, गॉगलही आधी डॉक्टरांचे, उरला तर आमचा, असंच आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही काच रुग्णाच्या अंगाला जवळजवळ टेकेल इतकी खाली ओढलीत, थोडी तिरकी केलीत, आणि मीही सावलीत आले. खर्च शून्य. अहवालात मात्र सिस्टर आणि टेक्निशियन यांच्यासाठी गालाला घट्ट बसणारे, बाजू झाकलेले गॉगल आणि कॉलरवर, ॲप्रनच्या बाहेर बॅज, असं स्पष्ट लिहिलंत. तसं याआधी कोणी लिहिलं नव्हतं.

आता किरण सुरू करणारं पेडल दाबून चित्रीकरण करण्याआधी डॉक्टर "सिने" असा आवाज देतात आणि मी मागे सरते. अंतर दुप्पट झालं की मात्रा साधारण चौथ्या हिश्शावर येते, आणि सिनेमध्ये साध्या फ्लुरोस्कोपीपेक्षा (नुसतं थेट बघण्याच्या एक्स-रेपेक्षा) मात्रा कितीतरी जास्त, म्हणून नेमकं तेव्हाच. मात्रा कमी व्हावी म्हणून आमचे टेक्निशियन दादा जमेल तिथे सेकंदाला 15 ऐवजी 7.5 फ्रेम लावतात. चित्र जरा अडखळत सरकतं म्हणून पहिले आठ दिवस कुरकुर झाली, मग कोणी विषय काढला नाही. काच अजूनही कधी कधी मध्ये येते. पण भिंतीकडे जात नाही.

एक राहिलंच. तुमचा टॉर्च आमच्याच ड्रॉवरमध्ये आहे. नवीन सिस्टर रुजू झाली की मी दिवे मालवून तिच्या गॉगलवर टेप लावते. परत हवा असेल तर कळवा, फक्त आम्हाला दुसरा आणायला दोन दिवस द्या.

तुमची,
कॅथलॅबमधली सिस्टर