विषय: एफ-117 आवृत्तीच्या घड्याळातल्या बंद नळ्या आणि गायब झालेला क्रमांक

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

आत्ताच तुमच्या कॉल सेंटरशी बोलून फोन ठेवला. तक्रार क्रमांक आणि बिलाची प्रत तुमच्याकडे आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. घड्याळ तुमच्या मर्यादित आवृत्तीतलं, एफ-117 या रडारला चकवणाऱ्या अमेरिकी ‘स्टेल्थ’ विमानाच्या नावाचं.

बारा, एक आणि दोनच्या जागच्या, अंधारात उजळणाऱ्या ट्रिटियम वायूच्या नळ्या एकाच रात्रीत बंद पडल्या. ट्रिटियमचा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, 12.3 वर्षं. वयोमानाने मंदावायच्या तर सगळ्या सारख्याच मंदावल्या असत्या. शेजारशेजारच्या तीन ठार काळ्या आणि बाकीच्या लख्ख, म्हणजे काच तडकून वायू निघून गेला. (तो किरणोत्सारी असतो, हे घरात अजून सांगितलेलं नाही.) ओझरच्या विमान कारखान्यात मिग आणि सुखोई जोडण्यात माझी नोकरी गेली, एवढं निदान मलाही जमतं. तुमच्या सर्व्हिस सेंटरने मात्र ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून घड्याळ परत पाठवलं.

आता आजचा फोन. तुमच्या कॉल सेंटरमधला मुलगा म्हणाला, ‘‘सर, थोडा वेळ उन्हात ठेवा, चार्ज होईल.’’

मी म्हटलं, ‘‘अहो, ट्रिटियमला ऊन लागत नाही. नळीच्या आतल्या लेपावर इलेक्ट्रॉन आदळत राहतात, म्हणून ती आपली आपण उजळते. तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय.’’

‘‘होल्ड करा सर.’’ बराच वेळ पिपाणी वाजली. मग, ‘‘सर, सीनियरना विचारलं. हे स्टेल्थ मॉडेल आहे ना, अंधारात कमीच दिसतं. डिझाइनच तसं आहे.’’

‘‘तीनच आकडे?’’

‘‘हो सर. लिमिटेड एडिशन आहे.’’

यावर काय बोलणार! एफ-117 पहिल्यांदा उडालं 1981 साली, अमेरिकेने ते जगापासून 1988 पर्यंत लपवलं. रात्रीच्या हल्ल्यांसाठी काळं रंगवलं, तेही शत्रूला दिसू नये म्हणून. वैमानिकाला स्वतःच्या मनगटावरची वेळ दिसू नये, असा बेत कुणाचाच नव्हता. रडारच्या लहरी भलतीकडे वळाव्यात म्हणून त्या विमानाला सपाट पैलू दिले होते. ते तंत्र तुमच्या ग्राहक सेवेने तंतोतंत उचललेलं दिसतं. तक्रार कुठूनही येवो, जाते भलतीकडेच.

आणि झाकण. मागच्या झाकणावर विमानाची आकृती आणि आवृत्तीतला क्रमांक कोरलेला होता. परत आलेल्या घड्याळाला कोरं झाकण आहे. कडेला झाकण उघडायची चावी घसरल्याचा चरा, तिथला काळा थर उडून पोलाद चकाकतंय. मुलाने माझ्या निवृत्तीला दिलेलं घड्याळ आहे हे. माझा क्रमांक सध्या कुणाच्या मनगटावर फिरतोय, तेवढं तरी कळवा. क्रमांक नसेल, तर मर्यादित आवृत्ती म्हणून जादा पैसे कशाचे घेतले? त्यात नळ्या बंद त्या बंदच.

इतकी वर्षं मी तुमच्या घड्याळांची लोकांपुढे वाखाणणी करत आलो. तीही आता बंद.

नळ्या बदलून द्या आणि माझंच झाकण परत करा. ‘तसंच दुसरं’ चालणार नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. तुमचं कार्यालय मुंबईत असलं, तरी 2019 च्या कायद्याने मला तक्रार इथेच, नाशकात करता येते. फोन करू नका.

तुमचा (अजून तरी) ग्राहक,
नाशिक