मुलांना पुणे दाखवायचे तर दिवसाला दोनच ठिकाणे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सुटी लागली की मुलांना एका दिवसात पुणे दाखवून आणायचे बेत साताऱ्यात घरोघरी ठरतात. शाळेच्या सहलीचे पत्रक असो वा घरचा बेत. कात्रज, सारसबाग, शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस ही सगळी नावे एकाच दिवसात कोंबलेली असतात. आमचे मत स्पष्ट आहे : दहा वर्षांखालची मुले बरोबर असतील तर दोनच ठिकाणे करावीत. पुण्यात इकडून तिकडे जाताना पाऊण तास कुठेही मोडतो. पाच ठिकाणांच्या नादात मुलांचा निम्मा दिवस गाडीतच जातो.

पहिले ठिकाण कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. ते आपल्याच वाटेवर आहे, म्हणून स्वारगेटला जाऊन उलटे येऊ नये, कात्रजलाच उतरावे. बुधवारी ते बंद असते, त्यामुळे तो वार बेतातून आधीच काढावा. साडेनऊला फाटक उघडते तेव्हा तिथे पोचायचे तर साताऱ्यातून पावणेसातला निघावे लागते. ही धडपड कशासाठी? वाघ, अस्वल सकाळी फिरताना दिसतात. अकरानंतर ऊन चढले की ते सावलीला आडवे होतात आणि मुलांना नुसती पाठ दिसते. म्हणून आधी मोठे प्राणी गाठावेत, सर्पोद्यान मागाहून पाहावे. आवार तलावासह सुमारे १३० एकरांचे आहे, त्यामुळे चार-पाच वर्षांची मुले अर्ध्यातच कडेवर घ्या म्हणतात. बॅटरीवरच्या गाड्या आहेत, पण रविवारी त्यांना मोठी रांग असते. शनिवार किंवा मधला वार बरा.

खाण्यापिण्याचे म्हणाल तर डबा आत नेण्याच्या भरवशावर राहू नये. मुलांना आत जाण्याआधी पोटभर खाऊ घालावे. मे महिन्यात दहीभात दुपारपर्यंत आंबतो; दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या टिकतात. माणशी किमान एक लिटर पाणी धरावे. खंबाटकी घाटाच्या वळणांवर ज्यांना मळमळते त्या मुलांना पुढच्या आसनावर बसवावे, हातात मोबाईल देऊ नये. पोट तुडुंब नको, तसेच अगदी रिकामेही नको. प्रत्येकाच्या खिशात पालकाच्या फोन नंबरची चिठ्ठी हवी आणि चुकामूक झाली तर कुठे थांबायचे ते फाटकातच दाखवून ठेवावे. गर्दीत मोठ्यांचे फोन लागत नाहीत, तेव्हा हाच एक उपाय उरतो.

दुसरे ठिकाण ऊन उतरल्यावर, चारनंतर : सारसबाग आणि शेजारचे पेशवे उद्यान. तिथली फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ पासून मुलांना फिरवते आहे. स्वारगेट जवळच असल्याने परतीच्या एसटीची ओढाताण होत नाही. रस्ता ओलांडताना मात्र मुलांचा हात सोडू नये, तिथली वाहतूक थांबत नाही.

पावसाळ्यात हा बेत बदलावा. तेव्हा राजा दिनकर केळकर संग्रहालय उत्तम. संग्रहात वीस हजारांवर वस्तू असून त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या आहेत. सगळे बघायला निघालात तर मुले तिसऱ्या दालनात जांभया देतात. त्यापेक्षा त्यांना शोधायला काम द्यावे : सर्वांत विचित्र आकाराचा अडकित्ता कोणता, कोणत्या दिव्यावर पक्षी बसला आहे, कोणत्या वाद्याला मोराचे तोंड आहे. मग तीच मुले काचेला नाक लावून उभी राहतात आणि मोठ्यांना ओढून नेतात. तासाभराने बाहेर पडावे, त्याहून जास्त ताणू नये. शनिवारवाडा इथून जवळ आहे. दिल्ली दरवाजावरचे हत्ती अडवणारे खिळे मुलांना हमखास आवडतात आणि पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट पडत नाही. आत सावली मात्र कमी.

सातवी-आठवीच्या मुलांसाठी चिंचवडचे सायन्स पार्क आहे. स्वारगेटहून मेट्रोने न बदलता संत तुकाराम नगर स्थानकापर्यंत जाता येते. बहुतेक मुलांना भुयारी मेट्रोचेच अप्रूप अधिक, तेव्हा परतताना घाई करू नये.

आपल्या सुटी विशेष पानांवर मुलांच्या ठिकाणांची यादी येते, तीत फोटो मोठे आणि माहिती दोन ओळी असते. प्रत्येक ठिकाणापुढे साप्ताहिक सुटी, उघडण्याची वेळ, चालावे किती लागते आणि स्वच्छतागृह कुठे आहे एवढे चार मुद्दे छापावेत. शाळांनीही सहलीचे पत्रक काढताना हेच चार मुद्दे पालकांना लिहून द्यावेत, ही विनंती.

आपले,
सहलींचे नियोजन करणारे काही शिक्षक-पालक, सातारा