गुन्ह्यांच्या कोड्यांखाली उत्तर छापू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गुन्ह्यांवरची छोटी कोडी येतात. 'बंद खोलीत दोन मृतदेह, फुटलेली काच, जमिनीवर पाणी, खिडकी उघडी, काय घडले?' अशा धर्तीची. खाली लगेच उलट्या अक्षरांत उत्तर असते. वाचक क्षणभर थांबतो, पान उलटे धरतो, 'मासे होते होय!' म्हणतो आणि पुढच्या मजकुराकडे वळतो. कोडे असे छापले की त्यातला खेळच निघून जातो. ही कोडी एकट्याने वाचून उत्तर शोधण्यासाठी रचलेलीच नसतात. एकाला, म्हणजे सूत्रधाराला, संपूर्ण हकिकत ठाऊक असते. बाकीचे त्याला 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारत त्या हकिकतीपर्यंत पोहोचतात. म्हणून विनंती अशी की उत्तर त्या पानावर छापू नये, त्याऐवजी सूत्रधारासाठी वेगळी चौकट द्यावी.

अशा कोड्यांना इंग्रजीत 'लॅटरल थिंकिंग'ची, म्हणजे सरळ वाट सोडून आडवाटेने विचार करण्याची कोडी म्हणतात. 'लॅटरल थिंकिंग' हे नाव मूळचे माल्टाचे असलेले डॉक्टर एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ मध्ये रूढ केले. जपानमध्ये या खेळाला त्यातल्या एका प्रसिद्ध कोड्यावरून 'समुद्री कासवाचे सूप' म्हणतात आणि चीनमध्येही तेच नाव चालते. जर्मनीत २००४ मध्ये अशा ५० कोड्यांचा पत्त्यांचा संच निघाला. पत्त्याच्या एका बाजूला कोडे आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असते. पत्ता सूत्रधाराच्या हातात राहतो आणि मागची बाजू फक्त त्यालाच दिसते. वर्तमानपत्राच्या पानाला ही सोय नाही, ती मांडणीतून करावी लागते.

प्रश्न कसे विचारायचे हे दाखवण्यासाठी एक कोडे देतो.

'खेड्यातल्या किराणा दुकानाचे कुलूप रात्री कोणीतरी तोडले. गल्ल्यातली रोकड जागेवर होती, मालही जागेवर होता. तरी सकाळी दुकानदाराने हजारो रुपयांचे नुकसान झाल्याची तक्रार दिली आणि ती खरी होती. चोर नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकीच असणार, असे हवालदारांनी तिथल्या तिथे सांगितले. काय घडले?'

नवशिके साधारण असे सुरू होतात: नोकराने चोरी केली का? विम्यासाठी बनाव केला का? दुकानात लपवलेले सोने होते का? गल्ल्यातल्या नोटा खोट्या होत्या का? चारही वेळा 'नाही' येते आणि मंडळी हिरमुसतात. 'नाही' येण्यात वाईट काही नाही. दोष प्रश्नांच्या जातीचा आहे. प्रत्येक प्रश्न एकेका अंदाजावर बोट ठेवतो, त्यामुळे 'नाही' आल्यावर तो एकच अंदाज बाद होतो आणि शेकडो शिल्लक राहतात. ज्याचे उत्तर 'हो' येण्याची शक्यता 'नाही'इतकीच आहे, तो प्रश्न शक्यतांचे दोन सारखे भाग करतो. मग कोणतेही उत्तर आले तरी निम्म्या शक्यता बाद होतात. असे वीस प्रश्न नेमके जमले तर १०,४८,५७६ शक्यतांतून एक निवडता येते. प्रत्यक्ष कोड्यात इतकी काटेकोर विभागणी होत नाही, पण दिशा हीच ठेवायची.

वरच्या कोड्यात ती अशी दिसेल. दुकानातून एखादी वस्तू नाहीशी झाली का? हो. ती विक्रीसाठी ठेवलेली होती का? नाही. बाजारात विकली तर तिचे पैसे येतील का? नाही. ती कागदाची आहे का? हो. तिच्यावर माणसांची नावे आहेत का? हो. इथे बहुतेकांना उधारीची वही दिसते. पाच प्रश्न पुरले, कारण आधी 'चोरी म्हणजे पैसा किंवा माल' हे गृहीतक तपासले गेले आणि वस्तूचे नाव घेण्याची घाई कोणी केली नाही.

हे गृहीतक पकडण्याची साधी रीत आहे. कोडे दोनदा वाचायचे आणि त्यातल्या प्रत्येक नामाखाली पेन्सिलीने रेघ मारायची. मग प्रत्येक नामापुढे 'मी याबद्दल काय धरून चाललो आहे?' ते लिहायचे. मृतदेह: माणसाचा. खोली: घरातली. नुकसान: पैशाचे. पहिले पाच-सहा प्रश्न या यादीवरच खर्च करावेत. त्यानंतर किती जण गुंतलेले आहेत, स्थळाला महत्त्व आहे का, कृत्य जाणूनबुजून केलेले आहे का, घटनेच्या आधी घडलेले काही महत्त्वाचे आहे का, हे विचारावे. 'कसे' आणि 'का' यांचे अंदाज सर्वांत शेवटी.

याच्या आड येतो तो आपला 'हो' ऐकण्याचा हव्यास. पीटर वॅसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये तो एका छोट्या प्रयोगात दाखवला. त्याने लोकांना सांगितले: २-४-६ हे आकडे एका नियमात बसतात. तुम्ही आणखी आकडे सुचवा, बसतात की नाही ते मी सांगेन, खात्री झाली की नियम सांगा. लोक ८-१०-१२, २०-२२-२४ असे सुचवत राहिले, प्रत्येक वेळी होकार आला आणि 'दोनने वाढणारे आकडे' असा नियम त्यांनी ठामपणे सांगितला. खरा नियम एवढाच होता: चढत्या क्रमाचे कोणतेही आकडे. २९ पैकी फक्त ६ जणांनी आधी चूक न करता तो सांगितला. बाकीच्यांनी आपला अंदाज मोडू शकेल असा प्रश्न पुरेसा विचारलाच नव्हता. कोड्यात 'हा बायकोनेच केलेला खून आहे' असे मनात पक्के झालेला खेळाडू नेमके हेच करतो. त्याला एकच सांगावे: तुझा अंदाज चूक असेल तर कोणत्या प्रश्नाला 'नाही' येईल, तो आधी विचार.

प्रश्नांच्या बांधणीतल्या तीन चुका वारंवार होतात. पहिली, दोन प्रश्न एकात बांधणे. 'तो घरात होता आणि एकटा होता का?' याला 'नाही' आले तर काय खोटे ठरले ते कळत नाही. दुसरी, नकारार्थी प्रश्न. 'त्याला हे माहीत नव्हते का?' यावर मराठीत 'नाही' म्हणजे 'माहीत नव्हते' असाही अर्थ घेतला जातो आणि 'माहीत होते' असाही, त्यामुळे अर्धा खेळ गोंधळात जातो. 'त्याला हे माहीत होते का?' असेच विचारावे. तिसरी चूक सर्वांत महागाची: प्रश्नात गृहीतक दडवणे. 'खुन्याने दार बाहेरून लावले का?' असे विचारले, तर खून झाला आणि खुनी आहे हे दोन्ही न तपासता मान्य झाले. अशा प्रश्नाला सूत्रधाराने हो-नाही न देता 'प्रश्नात काहीतरी चुकीचे धरले आहे' असे सांगावे.

म्हणजे सूत्रधाराकडे हो आणि नाही यांशिवाय आणखी दोन उत्तरे हवीत: वर सांगितलेले, आणि 'त्याने फरक पडत नाही'. हे दुसरे उत्तर फार मोलाचे आहे. दुकानदाराचे वय विचारण्यात पाच प्रश्न घालवणाऱ्या गटाला ते लगेच मार्गावर आणते. सूत्रधाराने उत्तर आधी पूर्ण वाचलेले असावे, त्यातल्या आठ-दहा नक्की गोष्टी कागदावर काढलेल्या असाव्यात आणि 'जवळ आलात' असे ना तोंडाने म्हणावे, ना चेहऱ्याने. एखादे उत्तर चुकीचे दिल्याचे लक्षात आले तर त्याच क्षणी सर्वांसमोर दुरुस्त करावे. एका चुकीच्या 'नाही'वर गट पुढचे वीस प्रश्न रचतो आणि मग उत्तर कळल्यावर चिडतो, ते योग्यच असते. चार ते आठ जण, एक कोडे, पंधरा-वीस मिनिटे, हे प्रमाण चांगले. एकाने फळ्यावर 'आहे' आणि 'नाही' असे दोन रकाने भरावेत, म्हणजे तेच प्रश्न पुन्हा येत नाहीत. ओळीने दहा 'नाही' आले तर सूत्रधाराने लगेच सुगावा देऊ नये, आधी कोडे पुन्हा मोठ्याने वाचावे. 'नाही' आले की पाळी संपली, असा नियम काही ठिकाणी लावतात. तो टाळावा. त्यामुळे खेळाडू हमखास 'हो' येईल असे फुटकळ प्रश्न विचारू लागतात.

आता पुरवणीसाठी कोडी निवडण्याबद्दल. इंग्रजीतली कोडी जशीच्या तशी आणली की बरीचशी मोडतात. '५३ सायकलींजवळ एक माणूस मरून पडला आहे' हे प्रसिद्ध कोडे 'बायसिकल' नावाच्या, १८८५ पासून चालत आलेल्या अमेरिकी पत्त्यांवर उभे आहे: ५२ ऐवजी ५३ पत्ते, म्हणजे लबाडी पकडली गेली. ज्याने तो कॅट कधी पाहिलेला नाही, त्याने शंभर प्रश्न विचारूनही उपयोग नाही. दुसरे, मृताच्या हातात पिस्तूल आणि समोर टेपरेकॉर्डर. इन्स्पेक्टर बटण दाबतात, निरोपाचे शब्द आणि गोळीचा आवाज ऐकू येतो आणि ते म्हणतात, हा खून आहे. कारण टेप सुरुवातीपर्यंत मागे फिरवलेली होती आणि मेलेला माणूस ती फिरवू शकत नाही. ज्यांनी कॅसेट हाताळलेली नाही त्यांच्यासाठी हे आंधळे कोडे आहे. मोबाइलवर बसवायचे तर 'गोळीच्या आवाजानंतर लगेच रेकॉर्डिंग संपते' हा तपशील घालावा. मग ते थांबवले कोणी, हा प्रश्न उरतो आणि कोडे पुन्हा उभे राहते.

लिंग लपवणाऱ्या कोड्यांना मराठीत वेगळी काळजी लागते, कारण आपले क्रियापद ते उघड करते. उदाहरणार्थ, पोलिसांना संशयिताचे फक्त पुरुषी नाव माहीत आहे. घरात पत्त्यांच्या डावाला एक सुतार, एक ट्रकचालक, एक मेकॅनिक आणि एक अग्निशामक जवान आहे. पोलीस न विचारता जवानाला पकडतात, कारण बाकीच्या तिघी स्त्रिया आहेत. इथे 'चौघे पत्ते खेळत होते' लिहिले तर वाचकाची फसवणूक होते, 'चौघं' लिहिले तर अर्धे उत्तर फुटते. 'पत्त्यांचा डाव रंगला होता' असे लिहावे, क्रियापद डावाला धरून चालते. तसेच 'डॉक्टर आत गेले'ऐवजी 'डॉक्टरांनी दार उघडले' म्हटले की ते दाराला धरून चालते आणि डॉक्टर पुरुष की स्त्री हे कळत नाही. 'मृतदेह' शब्द तर माणसाचा की माशाचा हेही सांगत नाही.

कोड्याला एकच उत्तर बसते का, हेही छापण्याआधी पाहायला हवे. किराणा दुकानाच्या कोड्यातले हवालदारांचे वाक्य काढून टाका: बक्षीस लागलेले लॉटरीचे तिकीट चालते, गहाण ठेवलेले दागिनेही चालतात. ते एक वाक्य चोराला गिऱ्हाइकाशी बांधते आणि इतर वाटा बंद करते. आणखी एक आग्रह: जुन्या संग्रहांतल्या पुष्कळ कोड्यांचे उत्तर आत्महत्या असते. मुलांच्या पानावर ती अजिबात नकोत. चोरी, फसवणूक, बनावट कागद, खोटी साक्ष यांत हवी तेवढी सामग्री आहे.

हा खेळ म्हणजे तपासाचे प्रशिक्षण असे मात्र पुरवणीने लिहू नये. सूत्रधाराला सर्व ठाऊक असते आणि तो खोटे बोलत नाही. साक्षीदाराबद्दल यातले काहीच धरता येत नाही. साक्षीदाराला आधी 'काय पाहिले ते सांगा' असे मोकळे विचारावे लागते. उत्तर सुचवणारे प्रश्न आपल्या न्यायालयातही सरतपासणीत (साक्षीदार बोलावणाऱ्या पक्षाने स्वतः घेतलेल्या तपासणीत) विरुद्ध पक्षाने हरकत घेतल्यास न्यायालयाच्या परवानगीवाचून चालत नाहीत. त्यांची जागा उलटतपासणीत आहे. कोड्यांतून मिळते ते आपलेच गृहीतक ओळखण्याचे वळण, आणि शाळेतल्या मुलांसाठी तेवढे पुष्कळ आहे.

मांडणी अशी करता येईल. कोडे पुरवणीच्या पहिल्या पानावर, पाच ओळींच्या आत. शेवटच्या पानावर 'फक्त सूत्रधारासाठी' अशी चौकट, जी घरातल्या एकानेच वाचायची. तीत पूर्ण हकिकत, नक्की असलेल्या गोष्टी, फरक न पडणाऱ्या गोष्टी आणि अडल्यास द्यायचे दोन सुगावे. वरच्या कोड्यापुरती ती अशी होईल:

हकिकत: चोराने उधारीची वही नेली, कारण तिच्यात त्याच्या नावावर मोठी बाकी होती, वही गेल्याने इतरांकडची येणी सिद्ध करणेही अवघड झाले. नक्की: एकच वस्तू गेली, ती कागदाची, तिच्यावर नावे आणि आकडे, चोराला तिचे पैसे मिळणार नाहीत, पण त्याचे पैसे वाचतील, दुकानदार खरे बोलत आहे. फरक पडत नाही: कुलूप कसे तोडले, दुकानदाराचे वय, गावाचे नाव, रोकड किती होती. पहिला सुगावा: 'गेलेले पैसे त्या रात्री दुकानात नव्हते.' दुसरा: 'चोराला जे नको होते, तेच त्याने नेले.'

आपला,
एक नियमित वाचक, सातारा